शिमची जाडी आणि उस्तादांची मजुरी

जुन्या गाडीचा शौकीन पहिला खर्च हाताला लागणाऱ्या वस्तूवर करतो. लाकडी किनारीचं छोटं, देखणं स्टिअरिंग व्हील येतं. मग रुंद टायर येतात. व्हील छोटं आणि टायर रुंद, म्हणजे स्टिअरिंग जड होणारच. मग एखाद्या छोट्या नव्या गाडीतून निघालेला मोटरवाला कॉलम बसवून 'पॉवर स्टिअरिंग' केलं जातं. माझा आक्षेप या क्रमाला आहे.

पनवेलकरांना हा विषय परका नाही. जुना मुंबई-पुणे रस्ता, एक्स्प्रेसवे आणि गोव्याकडे जाणारा ६६ क्रमांकाचा महामार्ग, सगळ्यांची गाठ आपल्या गावाशी. त्यामुळे टायर, अलाइनमेंट, डेंटिंगची दुकानं भरपूर, आणि त्यातले पुष्कळ उस्ताद आणि पोरं आपल्याच मोहल्ल्यातली. वर्गात मागच्या बाकावर बसून नववीला शाळा सोडलेली मुलं मला तिथे भेटतात आणि 'सर' म्हणून खुर्ची पुढे करतात.

आपल्याकडे जुनी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसते, पण तिची सख्खी बहीण दिसते. स्टँडर्ड हेरल्ड १९६१ पासून मद्रासला बनू लागली. विलायतेत याच हेरल्डच्या पुढच्या सस्पेन्शन आणि स्टिअरिंगवर १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची उघडी गाडी उभी राहिली. म्हणजे हेरल्डची पुढची चाकं समजली की स्पिटफायरची समजली. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटला वर्म गिअरचा स्टिअरिंग बॉक्स होता, हेरल्डला सरळ रॅक अँड पिनियन. जवळपास २५ फुटांच्या वर्तुळात ती वळते, गल्लीत रिक्षासारखी. अशा गाडीचं स्टिअरिंग 'सुधारायचं' म्हणजे नेमकं काय करायचं, हे आधी मालकाने सांगावं.

ढिलं वाटतं, ही बहुतेकांची तक्रार. ते ढिलं असतं कारण रॅक ज्या रबरांवर बसते ती साठ वर्षांत गळलेली असतात, टाय रॉडचे एंड घासलेले असतात. नवी रबरं टाका, हवं तर अ‍ॅल्युमिनियमचे कडक माउंट टाका. हात लगेच हलका होत नाही, पण गाडी सांगितलेलं ऐकू लागते. खरा धोका त्याच्याही खाली आहे. चाकाचा उभा दांडा खालच्या बाजूला पितळी ट्रनियनमध्ये आट्यांनी बसवलेला असतो आणि त्यावरच फिरतो. त्याला गिअर ऑइल लागतं, ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांच्या शेवटापर्यंत पोहोचत नाही, आत गंज धरतो, आणि एक दिवस दांडा तुटून चाक आडवं पडतं. बोरघाटाच्या उतारावर हे झालं तर लाकडी व्हील कितीही सुंदर असो, हातात तेवढंच उरेल. ट्रनियनमध्ये तेल आहे का, हे न बघता त्यावर मोटर बसवणाऱ्याला मी शौकीन म्हणणार नाही.

आता अलाइनमेंट. कॉम्प्युटरवाल्या मशीनला माझा विरोध नाही, ती कोन फार बारीक मोजते. पण कोन का बिघडला, हे ती सांगत नाही. बुश घासलेला असेल तर आज लावलेला कोन खड्ड्यांच्या एका रस्त्यात हलतो. म्हणून आधी हवा, बेअरिंग, बुश, स्प्रिंग. मग कॅस्टर आणि कॅम्बर. 'टो' सगळ्यात शेवटी, स्टिअरिंग मध्यावर ठेवून. हेरल्डमध्ये कॅम्बर लावायचा तो चेसिस आणि खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमधल्या पातळ शिम कमी-जास्त करून. जुने उस्ताद हे ओळंबा आणि ताणलेल्या दोरीने करतात. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सारखं नसतं, हा हिशेब धरूनच दोरी बांधावी लागते. तो हिशेब त्यांना कुठल्या पुस्तकाने शिकवलेला नाही.

किती फरक पडतो? १३ इंची रिम म्हणजे सुमारे ३३० मिलीमीटर. टो ३ मिलीमीटरने चुकला आणि तो दोन्ही चाकांत वाटला, तर प्रत्येक चाक १ किलोमीटरमागे सुमारे साडेचार मीटर आडवं घासत जातं. टायर एका कडेने का संपतो, ते यातून कळावं.

कायद्याकडेही बघायला हवं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरबदल नको. नव्या रॅकसाठी चेसिस कापायला सांगणाऱ्याने हे वाचलेलं असावं.

मला खरं बोलायचंय ते मजुरीबद्दल. परदेशी व्हीलवर कोणी घासाघीस करत नाही. पण उस्ताद अर्धा दिवस गाडीखाली झोपून, चाक हाताने हलवून, कान लावून दोष शोधतो, तेव्हा 'बदललं तर काहीच नाही, मग पैसे कशाचे?' असं विचारलं जातं. निदान फुकट आणि पार्ट महाग, असा हा बाजार आहे. अशा बाजारात शागीर्द काय शिकणार? पार्ट बदलायला. ओळंब्याचा हिशेब उस्तादाबरोबर कबरीत जाईल, आणि हेरल्डच्या मालकालाच उद्या माणूस मिळणार नाही.

म्हणून मालकांना माझं सांगणं आहे: शोधण्याच्या कामाचे वेगळे पैसे द्या. आधीचे आणि नंतरचे आकडे, कुठे किती शिम टाकल्या, हे एका कागदावर लिहून घ्या. खाली उस्तादाचं नाव घाला आणि एक प्रत त्याला द्या. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. आपल्या पोरांकडे दाखवायला कागद नसतो, काम असतं.

दहावीच्या त्रिकोणमितीत भिंतीला टेकवलेल्या शिडीची गणितं असतात. उर्दू माध्यमातली मुलं कोनाला ज़ाविया म्हणतात, शिडी मात्र तीच. त्या शिडीच्या जागी आता मी फळ्यावर चाक काढतो आणि ३ मिलीमीटर लिहितो. ज्यांचे मामा-चाचा गॅरेजमध्ये आहेत, ती मुलं उत्तर घरून पडताळून आणतात.