पाणी जावयाचे कोठे?

सन २०२५ च्या मे महिन्याच्या २५ व्या तारखेस नैर्ऋत्य मोसमी पाऊस नेहमीच्या वेळेपूर्वीच महाराष्ट्रात दाखल झाला, आणि त्याच दिवशी बारामती तालुक्यात पिंपळी-लिमटेकनजीक निरा डावा कालवा फुटला. रस्ते पाण्याखाली गेले, घरांत पाणी शिरले, आणि ज्या बारामती-इंदापुराकडे लोक अवर्षणाचा मुलूख म्हणून पाहत आले, तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या पाठवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस मुंबईत पोहोचला, तेव्हा वरळीच्या आचार्य अत्रे चौक या भूमिगत स्थानकात पाणी घुसले. एक ठिकाण समुद्राच्या काठी, दुसरे देशावरच्या कोरड्या पट्ट्यात. परंतु दोहोंकडे एकच प्रश्न उघडा पडला: पडलेले पाणी जावयाचे कोठे?

अशा आपत्तीनंतर जुने नाले काढून मोठे, बंदिस्त व सिमेंटचे नाले बांधावेत अशी मागणी सर्वत्र उठते, आणि ती रास्तही आहे. पण तिच्यामागोमाग दुसरी एक तक्रार उठते, ती अशी की परवानग्या व पर्यावरणाची चौकशी हीच कामांतील धोंड असून ती दूर केल्याखेरीज लोकांची सुटका नाही. आमच्या पेठेतील पुष्कळ सुज्ञ व्यापाऱ्यांचेही हेच मत आहे. आम्हांस ते मान्य नाही; का मान्य नाही, ते दाखविण्यासाठी प्रथम मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण नाला बांधण्यापूर्वी चौकशी करण्याचा कायदा तेथेच प्रत्यक्ष लागू आहे.

मुंबईची पावसाळी गटारे समुद्रास किंवा खाडीस जेथे मिळतात, अशी १८६ पातमुखे आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली आहेत, आणि भरतीच्या वर अशी अवघी ६ आहेत. म्हणजे भरती आली की शहराचे पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. जुन्या गटारांची शक्ती तासास सुमारे २५ मिलिमीटर पावसाची. ती दुप्पट करावी आणि मुखाशी उदंचन केंद्रे बसवावीत, असे ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या अहवालाने १९९३ सालीच सांगितले होते. तो अहवाल बारा वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शेकडो माणसे दगावली, आणि मग त्या कागदांवरील धूळ झटकली गेली.

आता ही दिरंगाई कोणी केली, हे न्यायबुद्धीने पाहावे. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची, तिच्या जागी आलेली दुसरी २०११ ची आणि तिसरी २०१९ ची. यांतील २०११ ची अधिसूचना उघडून पाहणाऱ्यास असे आढळेल की, पावसाळी गटारे घालण्यास तीत मनाई नसून सवलत आहे. अट एवढीच की, त्या कामास नेमलेल्या संस्थेच्या अभ्यासाचा आधार असावा. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या सप्टेंबरात कांदळवनांच्या तोडीस बंदी केली, तीतही लोकहिताच्या कामास मार्ग ठेवला. फक्त त्या कामाची गरज न्यायालयापुढे सिद्ध करावी लागते. आठ उदंचन केंद्रांपैकी सहा उभी राहिली. माहुल व मोगरा ही दोन मात्र वर्षानुवर्षे रखडली, ती मुख्यतः जागेच्या तंट्यामुळे: एकीकडे मिठागराची जमीन, दुसरीकडे मालकीचा वाद. तेव्हा भरतीची व कांदळवनाची चौकशी केल्यामुळे मुंबई बुडाली, असे म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होय.

उलट या चौकशीचा गुण पाहा. किनाऱ्यावर नाला बांधणारास ती एक प्रश्न सक्तीने विचारते: तुझ्या नाल्याच्या मुखाशी काय होईल? भरतीच्या वेळी पाणी मागे फिरेल काय? शेजारच्या कोळीवाड्यात शिरेल काय? तोंडाशी कितीही रुंद केलेला नाला मुखाशी अडला, तर तो नाला नसून लांबट तळे होय.

मुंबईचे हे शहाणपण आमच्या दोन तालुक्यांस लागू नाही काय? येथे समुद्र नाही, म्हणून किनाऱ्याचा कायदाही नाही. मोठी धरणे, खाणी, कारखाने यांस २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणाची परवानगी लागते, आणि जनसुनावणी असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. परंतु त्या अधिसूचनेच्या अनुसूचीत नगरातील पावसाळी नाला हा विषयच नाही. म्हणजे नगरपरिषदेने ठराव करावा, मंजुरी मिळवावी, ठेकेदाराने खोदावे, आणि पाणी जेथे जाऊन साचेल तेथील शेतकऱ्याने ते पाऊस पडल्यावर प्रथम पाहावे! समुद्रकाठच्या नागरिकास जे विचारले जाते, ते करेकाठच्या नागरिकास विचारू नये, याला काय न्याय म्हणावा?

कोणी म्हणेल की, लहान गावाच्या नाल्यास एवढी उठाठेव कशाला? त्यांनी या मुलखाच्या पाण्याचा मार्ग डोळ्यांपुढे आणावा. बारामतीचे पाणी कऱ्हेत, कऱ्हा सोनगावाजवळ निरेत, आणि निरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला नरसिंगपूर येथे भीमेत. इंदापूरच्या उत्तर अंगास उजनीचा फुगवटा; त्यात पुणे-पिंपरीचे सांडपाणी वरून येऊन पडते. म्हणजे इंदापूर तालुका एका बाजूस बारामतीच्या आणि दुसऱ्या बाजूस पुण्याच्या खाली बसलेला आहे. पाण्याला उतार कळतो, नगरपरिषदेची हद्द कळत नाही. वरच्या गावाने नाला सिमेंटचा व सरळ केला की पाणी जमिनीत न मुरता वेगाने पुढे धावते; वरच्या गावाची दोन तासांची अडचण खालच्या गावाची दोन दिवसांची आपत्ती होते.

शिवाय निरा डावा कालवा हा या मुलखाचा प्राण असला तरी तो ओढ्यांच्या वाटेत पडलेला एक लांबलचक आडवा बांधही आहे. डोंगराकडून येणारा प्रत्येक ओढा त्याच्या खालून किंवा वरून नेल्याशिवाय गत्यंतर नाही. त्या मोऱ्या गाळाने भरल्या, किंवा मोरीच्या वरचा ओढा बुजवून कोणी प्लॉट पाडले, तर पाणी कालव्याच्या भरावास टेकणारच.

हा धडा आम्हांस नवा नाही. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारने भाटघरचे धरण व हा कालवा बांधला. पाणी आले, ऊस आला, गुऱ्हाळे लागली. आणि काही वर्षांतच काळ्या जमिनींवर पांढरे मीठ फुलू लागले. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९१० साली निरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांच्या सहकाऱ्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. दुखणे असे की, पाणी आणले पण त्याच्या निचऱ्याची वाट केली नाही. त्यामुळे भूजल वर चढले आणि क्षारही त्याच्यासवे वर आले. पाणी देण्याबद्दल पट्टी वसूल होते, पाणी काढून नेण्याबद्दल कोणी पट्टी देत नाही. तेव्हा परक्या सरकारास निचऱ्याची आठवण उशिरा झाली, यात नवल नाही. पण आता राज्य आपले आहे. आपल्या राज्यात सरकारास आधी प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. तो नागरिकाचा अधिकार आहे आणि सरकारची सोयही आहे.

आधी विचारणे, असे आम्ही मुद्दाम म्हणतो. काम उरकून मागाहून पर्यावरणाची परवानगी घेण्याच्या प्रथेस सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी मनाई केली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला गेला. न्यायालयाचा मान राखून आम्ही इतकेच म्हणू की, पैसा खर्ची पडला म्हणून परवानगी द्यावी हा युक्तिवाद नाल्याच्या बाबतीत तरी चालावयाचा नाही. चुकीच्या उतारावर बांधलेल्या नाल्यातील पाणी मागाहून मिळालेल्या कागदाने वर चढत नाही. तेथे परवानगी म्हणजे वरातीमागून घोडे.

मग करावे काय? आमच्या मते नवा कायदा होण्याची वाट न पाहता दोन्ही नगरपरिषदा व जिल्हाधिकारी यांस पुढील गोष्टी आजच करता येतील. पहिली, कोणत्याही मोठ्या नाल्याची पुनर्बांधणी करण्यापूर्वी त्याचा नकाशा, उतार व मुखाची जागा सोप्या मराठीत लिहून नगरपरिषदेत आणि खालच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत तीस दिवस लावावी. दुसरी, हरकती ऐकताना खालच्या गावास पहिला मान द्यावा. तिसरी, ठरलेल्या मुदतीत कारणांसह लेखी निर्णय द्यावा. चौकशी म्हणजे फाईल दडपून ठेवण्याचा परवाना नव्हे, आणि या बाबतीत व्यापाऱ्यांची तक्रार आम्हांस पूर्ण मान्य आहे. चौथी, गाळ काढणे व आहे तोच नाला दुरुस्त करणे यांस या सोपस्कारांतून मोकळीक असावी. पाचवी, बांधलेल्या नाल्याची पहिल्या पावसाळ्यात पाहणी करून तिचा अहवाल जाहीर करावा.

शेवटी एक शब्द पेठेतील मंडळींस. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमाने नद्या, ओढे, नाले व वाहते पाणी ही, त्यांवर कोणाचा हक्क सिद्ध होत नसेल तर, राज्याची मालमत्ता ठरविली आहेत; दुकानाची पायरी वर्षाला वीतभर पुढे सरकवून ती आपली होत नाहीत. ज्या नाल्यावर फळी टाकून आपण माल मांडतो, तोच नाला तुंबल्यावर आपल्याच गोदामातील साखर भिजते. परवानगीचा कंटाळा करणारांनी हा हिशोब एकदा आपल्या खातेवहीत मांडून पाहावा. नाला सरकारच्या पैशाने बांधता येईल. पण त्याची वाट मोकळी ठेवणे आणि त्याचे मुख कोणाच्या दारात उघडते हे बांधण्यापूर्वी विचारणे, ही दोन कामे नागरिकांवाचून दुसऱ्या कोणाच्याने होणार नाहीत.