अवांतर वाचन

सहामाही परीक्षेनंतर पालकसभा भरली होती. एक गृहस्थ आपल्या मुलाचें प्रगतिपुस्तक हातांत घेऊन आमच्याकडे आले व म्हणाले, "सर, पोरगा अभ्यास सोडून गोष्टींचीं पुस्तकें वाचत बसतो. तुमचें तो ऐकतो. त्याला जरा समज द्या." आम्हीं मान डोलाविली. परंतु घरीं परततांना आमचें मन आम्हांस खाऊं लागलें. कारण ज्या अपराधाबद्दल त्या मुलास समज द्यावयाची, तो अपराध आम्हीं स्वतः जन्मभर केला आहे.

आमचें बालपण एका तालुक्याच्या गांवीं गेलें. तेथील वाचनालय एका खोलीचें, आणि एका वेळीं एकच पुस्तक मिळे. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं आम्ही तेथें जात असूं व पुस्तक घेऊन घरीं येतां येतां रस्त्यांतच वाचावयास आरंभ करीत असूं. पुष्कळदां सायंकाळीं तें संपवून पुन्हां दारांत हजर! ग्रंथपालकाका चष्म्यावरून पाहून विचारीत, "वाचलेंस, कीं नुसतें चाळलेंस?" मग मधलाच एखादा प्रसंग विचारून खात्री करून घेत आणि दुसरें पुस्तक काढून देत. त्या वाचनाबद्दल आम्हांस कोणीं गुण दिले नाहींत, सारांश लिहावयास सांगितला नाहीं, तात्पर्यहि विचारलें नाहीं. म्हणूनच कीं काय, त्याची गोडी अद्याप टिकून आहे.

असें असतां शिक्षक झाल्यावर आमच्या हातून एक चूक घडली, ती येथें कबूल केली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षीं भूगोलाच्या तासाला एक विद्यार्थी नकाशासंग्रहाआड कादंबरी वाचतांना सांपडला. आम्हीं ती काढून घेतली. एवढें योग्यच होतें. तासाला लक्ष देणें हें विद्यार्थ्याचें कर्तव्य आहे. परंतु तास संपतांच जें पुस्तक परत द्यावयाचें, तें आम्हीं कपाटांत ठेविलें व वार्षिक परीक्षा झाल्यावर दिलें. तो शांतपणें म्हणाला, "राहूं द्या, सर. आतां नको." कथेचा शेवट जाणण्याची त्याची उत्कंठाच विझून गेली होती. पुढें तो चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला. परंतु ग्रंथालयाच्या नोंदवहींत त्याचें नांव आम्हांस पुन्हां दिसलें नाहीं.

पालकांची चिंता निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दहावीच्या गुणांवर पुढील प्रवेश अवलंबून असतो, हें आम्हीहि जाणतों. पण मुलाच्या हातांतून गोष्टीचें पुस्तक काढून घेतलें म्हणजे त्या हातांत बीजगणित येतेंच असें नाहीं. बहुधा मोबाईल येतो.

दुसरा आक्षेप असा कीं, हें सारें करमणुकीसाठीं; त्यांतून लाभ काय? हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं साप्ताहिक काढलें, त्याचें नांवच 'करमणूक' होतें. त्याच साप्ताहिकांतून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. वाचक करमणुकीसाठीं पान उघडीत, आणि त्या पानांवर यमू नांवाच्या बालविधवेचें दुःख तिच्याच तोंडून ऐकीत. व्याख्यानास जे गेले नसते, त्यांच्या घरांत ती कथा शिरली. लक्ष्मीबाई टिळकांस शाळेचें रीतसर शिक्षण मिळालें नव्हतें. विवाहानंतर पतीनें त्यांस अक्षरओळख करून दिली. त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालीं. त्यांतील सरळ, घरगुती मराठी वाचतांना आम्ही आजहि मोठ्यानें हंसतों, आणि पुढच्याच पानावर डोळे पुसतों. भाषा कशी लिहावी हें आम्ही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां त्या हंसण्यारडण्यांतच अधिक शिकलों.

वाईट पुस्तक हातीं पडेल, अशीहि भीति कित्येकांस वाटते. त्यावर बंदी हा उपाय नव्हे. सोबत हा उपाय आहे. मूल जें वाचतें तें आपणहि वाचावें आणि जेवतांना सहज त्याविषयीं बोलावें. चोरून वाचणाऱ्या मुलाशीं कोणासच बोलतां येत नाहीं.

म्हणून पालकांस आमची नम्र सूचना आहे. अभ्यासाची वेळ अवश्य ठरवावी. पण निजण्यापूर्वीं अर्धा तास मुलाचा स्वतःचा असूं द्यावा. त्या अर्ध्या तासांत त्यानें काय वाचावें हें त्यानेंच ठरवावें, व त्याची परीक्षा कोणीं घेऊं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हीहि नकाशाआड पुस्तक लपवूं नका. तासाला भूगोल वाचा. सुटी झाल्यावर आमच्याकडे या. कपाटाची किल्ली आतां आम्ही लावीत नाहीं.

त्या पालकगृहस्थांस समज देण्याचें आम्हीं जें वचन दिलें, तें अद्याप पाळलेलें नाहीं. उलट मागील आठवड्यांत त्यांच्या मुलानें ग्रंथालयांतून कोणतें पुस्तक नेलें हें पाहून, तो परत करील तेव्हां तें आपणांस मिळावें म्हणून आम्हीं नांव नोंदवून ठेविलें आहे. हेंच आमचें उत्तर समजून त्यांनीं आम्हांस क्षमा करावी.