योजना भरपूर, पाठपुरावा कोणाचा?

तारापूर औद्योगिक वसाहतीत बॉयलर पेटवायचा, तर त्याच्यापाशी प्रमाणपत्रधारक अटेंडंट हवाच. आधी अनुभव, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. वाफेचा दाब चुकला तर माणसे मरतात, म्हणून कायदा एवढा काटेकोर आहे आणि तो तसाच असायला हवा. बोईसरहून पालघरकडे निघाले की कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या इमारती लागतात. घरातून पळालेल्या मुलीला आईबापांकडे परत पाठवावे की बालगृहात ठेवावे, मार खाऊन आलेल्या बाईला आज रात्री घरी जाऊ द्यावे की निवारागृहात न्यावे, असे निर्णय ज्यांच्या अहवालांवर विसंबून होतात ते समाजसेवक, समुपदेशक आणि केस वर्कर जिल्ह्याच्या याच यंत्रणेचे असतात. त्यांना मात्र कोणत्याही वैधानिक परिषदेकडे नोंदणी करावी लागत नाही की जाणत्या माणसाच्या हाताखाली अमुक काळ काम केल्याचा दाखला द्यावा लागत नाही. रुग्णालयांतल्या वैद्यकीय आणि मनोविकार समाजसेवकांना २०२१च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने निदान यादीत तरी घेतले. महिला व बालविकासाच्या क्षेत्रात तेवढेही नाही. पदवी आणि मुलाखत झाली की माणूस थेट कामावर. पालघरमध्ये योजना कमी नाहीत. त्या माणसापर्यंत नेणारा प्रशिक्षित दुवा कच्चा आहे, आणि तो पक्का केल्याशिवाय नव्या योजनांची घोषणा फारशी कामाची नाही, असे माझे म्हणणे आहे.

केस वर्करचे काम नेमके काय, हे एका कुटुंबाच्या अंगाने पाहिले म्हणजे कळते. समजा, मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरचे कातकरी कुटुंब गणपतीच्या सुमारास उचल घेऊन दिवाळीनंतर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले. तिकडे हिशेब जुळेना, मालक सोडीना. शेवटी तक्रार झाली आणि सुटका झाली. येथून पुढे या एका घराचे पाच-सहा कागद वेगवेगळ्या टेबलांवर जातात. वेठबिगारीतून मुक्त केल्याचे प्रमाणपत्र महसूल अधिकाऱ्याने द्यायचे. २०१६च्या केंद्रीय योजनेप्रमाणे प्रौढ पुरुषाला १ लाख, महिला आणि बालकांना २ लाख, तर अत्यंत गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपयांचे पुनर्वसन साहाय्य आहे. पण तातडीची मदत सोडली तर मोठी रक्कम आरोपीच्या शिक्षेशी जोडलेली, म्हणजे खटल्याच्या तारखांवर कोणीतरी डोळा ठेवायला हवा. धाकट्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर तो तीव्र कुपोषित. त्याचे नाव गावच्या अंगणवाडीतून सुटले आहे आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत चढलेले नाही. थोरली मुलगी आश्रमशाळेतून गळालेली, तिच्यासाठी जव्हारचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय. शिधापत्रिका तहसीलमध्ये, आधार आणखी कुठे. मोखाड्याहून पालघरला यायचे म्हणजे जव्हार, विक्रमगड, मनोर करत दिवस मोडायचा आणि एक मजुरी बुडवायची. प्रत्येक खात्याचा कर्मचारी आपल्यापुरते काम चोख करील, तरीही हे कुटुंब पुढच्या गणपतीला पुन्हा उचल घेईल. कारण सगळे कागद एकत्र धरून त्या घरापाशी शेवटपर्यंत उभा राहणारा माणूस नसतो. असे उभे राहणे हे केस वर्करचे काम.

हे काम धावपळीचे आहे, तसेच ते कौशल्याचेही आहे. बाल न्याय अधिनियमानुसार बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलाची सामाजिक चौकशी १५ दिवसांत पूर्ण व्हावी लागते, म्हणजे समितीला ४ महिन्यांत अंतिम निर्णय देता येतो. त्या १५ दिवसांत मुलाशी बोलायचे असते, घर पाहायचे असते, शेजारी, शाळा, नातेवाईक यांच्याकडे विचारपूस करायची असते. बाप समोर बसलेला असताना ‘तुला घरी जायचंय ना?’ असे मुलीला विचारले की ‘हो’ येते, आणि अहवालात ‘बालिका घरी जाण्यास राजी’ असे वाक्य पडते. विचारणाऱ्याने काही खोटे लिहिलेले नसते; फक्त प्रश्न कोणासमोर, कधी आणि कोणत्या शब्दांत विचारायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वारली किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलीशी कचेरीच्या मराठीत बोलले, तर अर्धे उत्तर तिथेच अडते. कौटुंबिक हिंसेत तर ‘समजूत घालणे’ हीच पुष्कळांच्या मते समाजसेवा. २००५च्या कायद्याने बाईला संरक्षणाचा आदेश मागण्याचा हक्क दिला, पण तिच्यासमोर बसलेल्या माणसाच्या मनात ‘संसार मोडू नये’ एवढेच असेल, तर तो हक्क टेबलावरच विरतो. अशा वेळी कलमांची उजळणी करणारी दोन दिवसांची कार्यशाळा पुरत नाही. लिहिलेला अहवाल कोणी अनुभवी माणसाने ओळीओळीने तपासावा, कुठे घाई झाली ते दाखवावे, पुढच्या भेटीला सोबत यावे, तेव्हा हे काम हाताला लागते.

असे प्रशिक्षण आपल्याकडे शक्य नाही, असेही नाही. समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण देशात सुरू झाले तेच मुंबईत, १९३६मध्ये, आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत. त्याच संस्थेने १९८४मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडला. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारातच बसते. बाईचे म्हणणे आधी एकटीने ऐकून घेते, तक्रार नोंदवायची की नाही, राहायचे कुठे, पैसे कुठून, मुले कोणाकडे, याचा विचार तिच्याबरोबर करते आणि मग नवऱ्याला बोलावते. हा क्रमच व्यवसायाचे मर्म सांगतो. पुढे राज्य सरकारने हे कक्ष आपलेसे केले, इतर राज्यांनीही त्यांचा कित्ता गिरवला. पोलिसांचा धाक आणि समाजसेवकाचे कसब एका छपराखाली आले तर काय साधते, याचा चार दशकांचा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २०१५पासून सुरू झालेल्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये केस वर्करचे पद ठेवले गेले, तेही याच समजुतीतून. पद निर्माण झाले. ते भरणाऱ्या माणसाला घडवण्याची सोय मात्र त्याच गतीने झाली नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो चळवळींकडून आणि तो वजनदार आहे. या जिल्ह्यात वेठबिगार सोडवले ते श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांनी, जमिनीचे हक्क मांडले कष्टकरी संघटनेने. पाड्यापाड्यावर ओळख आहे ती अंगणवाडी सेविकेची आणि आशाताईची. मग शहरातून पदवी घेऊन आलेल्या, वर्षभरात बदली किंवा दुसरी नोकरी शोधणाऱ्या माणसाला व्यावसायिक म्हणून त्यांच्या डोक्यावर का बसवायचे? तसे बसवूच नये. पदवीची भिंत उभी करून आदिवासी मुलामुलींना बाहेर ठेवणारे प्रशिक्षण पालघरला नको. पण अनुभव आणि प्रशिक्षण यांत वैर आहे, असे समजण्याचे कारणही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात न्यायची, हा विचार तिथे रुजला आणि ‘अंगणवाडी’ देशभर गेली. मुलांची बोली, आसपासच्या वस्तू आणि रोजचे जगणे यांतून शिकवण्याची पद्धत त्यांनी बसवली आणि ती शिकवणाऱ्यांना शिकवली. बालशिक्षण ही नुसत्या मायेने करण्याची गोष्ट नसून शिकून घेण्याची विद्या आहे, हे त्यांनी याच मातीत दाखवले. केस वर्करच्या बाबतीत तोच मार्ग घ्यायचा आहे. दहा वर्षे पाडे तुडवलेल्या सेविकेला अभ्यासक्रमात थेट प्रवेश मिळावा, तिच्या अनुभवाला गुण मिळावेत. नोंदी, मुलाखत, कायदा आणि गोपनीयता तिने शिकावी, आणि शहरातून आलेल्या पदवीधराने तिच्याकडून वारली बोली आणि पाड्याची रीत शिकावी.

दुसरा आक्षेप याच्या उलट्या बाजूचा: प्रशिक्षण घेतलेली माणसे तरी कुठे चुकत नाहीत? चुकतात. २००० साली लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी छळाने मेली. समाजसेवक, पोलीस, रुग्णालये अशा सगळ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. किमान १२ वेळा तिला वाचवता आले असते, असे लॉर्ड लॅमिंग यांच्या २००३च्या अहवालाने सांगितले. तिचे प्रकरण हाताळणारी समाजसेविका अप्रशिक्षित नव्हती. तिच्यावर प्रकरणांचा बोजा होता आणि तिच्या कामावर देखरेख करणाऱ्यांनी आपले काम केले नव्हते. यातून प्रशिक्षण व्यर्थ ठरत नाही. ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात संपता कामा नये, हे ठरते. दर आठवड्याला वरिष्ठासोबत प्रकरणांची चर्चा आणि एका माणसाकडे किती प्रकरणे याची मर्यादा, हे दोन्ही प्रशिक्षणाचेच भाग आहेत. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२३मध्ये पॉक्सो प्रकरणांतील पीडित मुलांच्या सहायक व्यक्तींबाबत निर्देश देताना नेमणुकीवर न थांबता त्यांच्या प्रशिक्षणाचा आणि मोबदल्याचाही विचार केला आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी. गरिबी, स्थलांतर, बुडालेली शेती हा खरा रोग असताना केस वर्कर म्हणजे नुसती मलमपट्टी, असे काहीजण म्हणतील. १९९२-९३मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालमृत्यू झाले, तेव्हा आणि नंतरही प्रश्न रोजगाराचाच होता, हे खरे. केस वर्कर जमीन देऊ शकत नाही, गावात काम आणू शकत नाही. पण चांगल्या नोंदी ठेवणारा केस वर्कर एक गोष्ट करतो, जी मोर्चालाही जमत नाही: मदत नेमक्या कोणत्या टेबलावर, किती दिवस आणि कोणत्या कागदासाठी अडली, हे तो प्रकरणागणिक दाखवू शकतो. शंभर कुटुंबांच्या अशा नोंदी जिल्हाधिकाऱ्यांसमोर आल्या, तर ‘योजना पोहोचल्या’ या वाक्याचा आपोआप हिशेब होतो. धोरण बदलायचे तरी पुरावा असाच लागतो.

राहिला पैशाचा प्रश्न. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले समाजसेवक कंत्राटी, त्यांचे मानधन महिना साडेअठरा हजारांच्या आसपास. क्षेत्रीय कार्यकर्त्याचे तर जेमतेम साडेदहा हजार. बोईसरच्या कारखान्यातला कुशल कामगार याहून जास्त घेतो. एवढ्यावर शिकलेली माणसे टिकणार नाहीत आणि माणसे टिकत नाहीत म्हणून शिकवायचे तरी कशाला, हे चक्र तोडायचे असेल तर प्रमाणपत्र आणि मानधनवाढ यांची सांगड घालावी लागेल. पैसा अजिबात नाही, असे नाही. जिल्हा नियोजनातला ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवायचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. तारापूरच्या मोठ्या कंपन्यांवर २०१३च्या कंपनी कायद्याने नफ्याच्या २ टक्क्यांचे सामाजिक दायित्व आहे. या वसाहतीलाही केस वर्कर लागतोच: स्फोटात परप्रांतीय कामगार मेला की त्याच्या बायकोला मृत्यूचा दाखला, ठेकेदाराची कबुली, राज्य विम्याचे आश्रित लाभ किंवा कामगार न्यायालयातली भरपाई यांची वाट परक्या गावात एकटीने काढावी लागते. शाळांना दप्तरे वाटण्यातला थोडा पैसा इकडे वळवला, तर उद्योगांची प्रतिमाही उजळेल आणि कामही होईल. वाढवण बंदराचे भूमिपूजन ऑगस्ट २०२४मध्ये झाले आहे. काम वाढेल तसे बाहेरून लोंढे येतील, किनाऱ्यावरची कुटुंबे विस्कटतील आणि अशी प्रकरणे कमी होणार नाहीत.

म्हणून मागणी मोठी नाही, पण नेमकी आहे. पालघर किंवा जव्हारच्या महाविद्यालयात टाटा समाजविज्ञान संस्था अथवा निर्मला निकेतन यांच्या साहाय्याने सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू व्हावा. त्यातला निम्मा काळ देखरेखीखाली प्रत्यक्ष कामाचा असावा. सेविका आणि आशाताईंना त्यात राखीव जागा असाव्यात, वारली किंवा कातकरी बोलीची तोंडी परीक्षा असावी. आणि एक तारीख जाहीर करून त्यानंतर या प्रमाणपत्राविना कोणाच्याही हाती मुलांची आणि बायकांची प्रकरणे देऊ नयेत. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. त्याला दहा वर्षे उलटून गेली. इमारती उभ्या राहिल्या, पदे मंजूर झाली. पुढच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी हा विषय कार्यसूचीवर घ्यावा आणि जिल्ह्यातल्या आमदारांनी तो मंजूर होईपर्यंत लावून धरावा.