नखांची साक्ष
नखावरचा पांढरा ठिपका कॅल्शियमच्या कमतरतेमुळे उमटतो, हा घरोघरी रुजलेला समज बहुतेक वेळा निराधार असतो; नख ज्या पेशींच्या थरातून घडते, त्या त्वचेखालच्या थराला बसलेला किरकोळ मार हेच त्याचे नेहमीचे कारण होय. हाताचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे येण्यास साधारण 6 महिने लागतात, त्यामुळे ते वर्तमानापेक्षा भूतकाळाविषयी अधिक खात्रीने सांगते: तीव्र ताप किंवा कर्करोगावरील औषधोपचार यांमुळे वाढ काही काळ थांबली, तर नखावर आडवी खाच पडते, जिचे वर्णन फ्रेंच वैद्य जोसेफ बो यांनी 1846 मध्ये केले, आणि ती मुळापासून किती सरकली यावरून आजाराचा काळ अजमावता येतो. बोटांची टोके फुगून नखे बहिर्वक्र होणे, म्हणजे पालथ्या पळीप्रमाणे फुगीर दिसणे, हे लक्षण त्याहून गंभीर. ते फुप्फुसाच्या कर्करोगाकडे किंवा जन्मजात हृदयदोषाकडे बोट दाखवू शकते, मात्र काही कुटुंबांत ते निव्वळ आनुवंशिकही असते. खोलगट नखांवरून लोहाच्या कमतरतेची शंका घ्यावी, निदान मात्र रक्ततपासणीनेच करावे. नखांवरील उभ्या रेषा वयानुसार येतातच (त्यांच्यावर विकली जाणारी जीवनसत्त्वे बहुधा व्यर्थ), आणि सावळ्या वर्णात अनेक बोटांवर गडद पट्टेही सर्रास आढळतात; परंतु एकाच नखावर नव्याने उमटून रुंदावत जाणारा काळा पट्टा त्वचारोगतज्ज्ञाला विनाविलंब दाखवावा.