वर न आलेल्यांची हाजरी

राजूर कॉलरीत ज्यांची हयात गेली, त्यांना टोकनाचं महत्त्व सांगावं लागत नाही. खाणीत उतरताना लॅम्प रूममधून टोपीचा दिवा घ्यायचा आणि आपल्या नंबरचं टोकन तिथं ठेवायचं. वर आलं की दिवा परत, टोकन परत. पाळी सुटल्यावर एखादं टोकन खिळ्याला लटकलेलं दिसलं, की ‘कोण राहिला बे?’ हा पहिला प्रश्न. तो सुटेपर्यंत हाजरीबाबूला घर आठवत नाही. ही केवळ राजूरची रीत नाही, तिच्यामागं 1952 च्या खाण कायद्यानं घालून दिलेला दंडक आहे. या घडीला जमिनीखाली कोण कोण आहे, हे नोंदवहीवरून कळलंच पाहिजे, असं तो सांगतो.

लढाईसाठीही असा कायदा आहे. 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे पकडलेल्या सैनिकानं नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर सांगायचा. छावणीत पोचल्यापासून आठवडाभरात त्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं. म्हणजे शत्रूच्या हाती पडलेल्या माणसाचीही हाजरी लागते. ती लागली की माणूस सहसा परत येतो. आपल्या हवाई दलाचे दिलीप पारुलकर 1971 च्या डिसेंबरात पाकिस्तानशी झालेल्या युद्धात पकडले गेले. पुढच्या ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून दोन सोबत्यांसह ते पार लंडी कोतलपर्यंत पोचले. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर असताना पुन्हा सापडले. एवढा उपद्व्याप करूनही 1 डिसेंबर 1972 रोजी ते बाकीच्या युद्धकैद्यांबरोबर वाघ्याहून घरी आले, कारण त्यांचं नाव यादीत होतं.

यादीत नाव नसलेल्यांचं काय झालं? त्याच युद्धातले आपले 54 जवान आणि अधिकारी पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असं आपलं सरकार संसदेत सांगत आलंय. आमच्याकडे कुणी नाही, असं पाकिस्तान म्हणत आलंय. आपण मात्र त्यांचे सुमारे 93 हजार युद्धकैदी परत केले.

या 54 मधलं एक मराठी नाव म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. 5 डिसेंबर 1971 रोजी शोरकोटवरच्या हल्ल्यात त्यांचं विमान पडलं. पाच भारतीय वैमानिक जिवंत पकडल्याची बातमी एका पाकिस्तानी वृत्तपत्रात आली. त्यात ‘टॉम्बे’ असं एक आडनाव होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्कारप्राप्त. लग्नाला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. दिल्लीच्या जेएनयूत क्रीडा विभागात नोकरी करत त्यांनी मंत्र्यांचे, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. 2007 मध्ये अशा कुटुंबांतले 14 जण पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. त्यात त्याही होत्या. हाती काही लागलं नाही.

दुसरं प्रकरण मेजर अशोक सुरी यांचं. सरकारनं आधी त्यांना रणात कामी आलेलं ठरवलं होतं. 1974-75 मध्ये त्यांच्या वडिलांना पोराच्या अक्षरातली पत्रं आली. इथं आम्ही वीस अधिकारी आहोत, असं त्यातल्या कराचीहून आलेल्या पत्रात होतं. मग सरकारी कागदावर ‘मृत’ खोडून ‘बेपत्ता’ झालं. या खोडाखोडीनं त्या बापाचं काय झालं असेल!

हुतात्म्याचा आपण मान राखतो. चौकाला नाव देतो, शाळेच्या आवारात पुतळा बसवतो, 26 जानेवारीला हार घालतो. बेपत्ता माणसाचा पुतळा कसा बसवणार? पुतळा बसवला म्हणजे तो गेला असं आपणच ठरवून टाकलं. म्हणून मग काहीच करत नाही आणि तो विसरला जातो. त्याची आठवण दगडात घडवून चालत नाही. तो आला की काढून ठेवता येईल, अशीच ती हवी.

अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना हे 1970 मध्येच सुचलं. व्हिएतनाममध्ये कैद झालेल्या किंवा हरवलेल्या एकेका सैनिकाचं नाव, हुद्दा आणि हरवल्याची तारीख कोरलेलं धातूचं कडं त्यांनी अडीच डॉलरला विकायला काढलं. तो माणूस किंवा निदान त्याच्या अस्थी परत येईपर्यंत कडं उतरवायचं नाही, ही अट. सुमारे 50 लाख कडी खपली. 1973 मध्ये 591 कैदी सुटून आले, तेव्हा कितीतरी अनोळखी लोकांनी हातातली कडी काढून ज्याची त्याला टपालानं पाठवली. न पाहिलेल्या माणसासाठी कुणी दोन-तीन वर्षं मनगट अडकवून ठेवलं होतं!

आपल्या बेपत्तांसाठी असं काही करण्यावर एक आक्षेप रास्त आहे. पन्नास वर्षं उलटली, त्या 54 मधले बहुतेक आता हयात नसतील. मग घरच्यांची जखम खपली काढून ओली का ठेवायची? पण दमयंतीबाईंसारख्यांचं मागणं, माणूस जिवंतच द्या, एवढंच नव्हतं. त्याचं काय झालं ते सांगा, हे होतं. खाणीत अपघात झाला तरी खिळ्यावरचं टोकन कुणी ‘आता काय उपयोग’ म्हणून फेकून देत नाही. माणूस चालत वर येवो वा उचलून आणावा लागो, हिशोब लागल्यावरच ते खाली उतरतं.

नाव बोललं गेलं तर काय होतं, हे आपण पाहिलंय. धुळे जिल्ह्यातल्या बोरविहीरचा जवान चंदू चव्हाण सप्टेंबर 2016 च्या अखेरीस नियंत्रण रेषा ओलांडून पलीकडे सापडला. ती बातमी ऐकून त्याच्या आजीनं प्राण सोडला. पण गाव गप्प बसलं नाही, वर्तमानपत्रांनी नाव लावून धरलं, धुळ्याचे खासदार सुभाष भामरे तेव्हा संरक्षण राज्यमंत्री होते, त्यांनीही पाठपुरावा सोडला नाही. 21 जानेवारी 2017 रोजी तो वाघ्याहून परत आला. 1971 च्या माणसांच्या वाट्याला असा गलका कधी आलाच नाही.

आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव-तारीख घालून देणारे कारागीर गावोगाव आहेत. येत्या 16 डिसेंबरला, विजय दिवसाच्या भाषणांआधी, शाळेतल्या एकेका वर्गानं त्या 54 मधलं एकेक नाव घ्यावं आणि त्याचं तांब्याचं किंवा पितळेचं कडं करून घ्यावं. राजूरच्या पोरांना टोकन म्हणजे काय, ते घरातले म्हातारे समजावतील. सरकारला पत्र लिहायचं तर त्यात एकच मागणी असावी: या नावांपुढे नेमकं काय झालं ते लिहा, आणि माहीत नसेल तर पाकिस्तानला विचारणं थांबवू नका. उत्तर आलं की पोरं कडी आपणहून उतरवतील.