अस्मानीच्या नावावर खपणारी सुलतानी

फराळाच्या ताटाशी मरणाच्या गोष्टी काढू नयेत, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मी आज जाणूनबुजून मोडतो आहे, कारण एका शब्दाशी माझे भांडण आहे. तो शब्द म्हणजे ‘अस्मानी’.

आपल्या पूर्वजांनी संकटांचे दोन वाटे केले : अस्मानी आणि सुलतानी. एक देवाच्या माथी, दुसरे राजाच्या. आपण मात्र गाव बुडाले, दरड कोसळली की सारेच देवाच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. माझे म्हणणे असे की, भूकंप, पाऊस, वादळ ही अस्मानी खरी. परंतु त्यांत माणसे मरतात ती बहुतेक वेळा सुलतानीनेच.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी गणपती पोचवून किल्लारी आणि आसपासची गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि हजारो जीव गेले. त्यांतले बहुतेक दबले ते चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींखाली आणि वरच्या मातीच्या माळवदाखाली. भिंतीत आरपार लांब दगड घालावेत, छपराखाली चारी भिंती बांधून ठेवणारा पट्टा द्यावा, ही विद्या तेव्हाही जगाला ठाऊक होती. किल्लारीला ती कुणी पोचवली नव्हती.

‘गरीब देशाला हे परवडायचे कसे?’ असे विचारणाऱ्यांनी ओडिशाकडे पाहावे. १९९९ च्या ऑक्टोबरातील महावादळात तेथे सुमारे १०,००० माणसे दगावली. त्याच वर्षी त्या राज्याने आपत्तीसाठी स्वतंत्र संस्था उभारली. पुढे किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. २०१३ च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ वादळ चालून आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच हलवले होते. मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. एवढ्या चौदा वर्षांत ओडिशा काही कुबेर झाला नव्हता!

आणि आपण? २०१४ साली माळीण, २०२१ साली तळिये, २०२३ साली इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलैच, तिन्ही वेळा डोंगराची दरडच. मागाहून मंत्र्यांचे दौरे झाले, मदत जाहीर झाली, तुम्हीआम्ही कपडे-धान्य धाडले. ते पुण्य मी नाकारत नाही. पण न पडलेल्या घराचे उद्घाटन होत नाही आणि न मेलेल्या माणसाचा फोटो छापून येत नाही. म्हणून आधीच्या तयारीला पैसा मिळत नाही, हे ढोंग मला सहन होत नाही.

तेव्हा वाचकहो, दिवाळीला गावी जाल तेव्हा सरपंचांना तीनच गोष्टी विचारा. वरच्या डोंगराची पाहणी कधी झाली? रात्री पावसाने जोर धरला तर घरोघर इशारा कोण देणार? आणि माणसांनी जायचे कुठे? उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढच्या आषाढात जे घडेल त्याला निदान अस्मानी म्हणू नका.