पावणेतीन म्हशींचा हिशेब



दुधाच्या धंद्यासाठी कर्ज काढताना संगणकावर केलेला आराखडा हल्ली पुष्कळांच्या हाती येतो. तो कोणत्या रीतीने केला, हे मात्र कोणी विचारत नाही.

हिशेबापुरते आकडे घेऊ. जवळ २,७५,००० रुपये आहेत. म्हैस १,००,००० रुपयांना, खर्च जाता महिन्याला ५,००० देणारी. गाय ९०,००० रुपयांना, ४,४०० देणारी. लाखामागे नफा म्हशीचा जास्त, म्हणून साधा हिशेब सांगतो, पावणेतीन म्हशी घ्या! पाऊण म्हैस कोणत्या बाजारात मिळते? बरे, पाऊण सोडून दोनच घेतल्या तर १०,००० सुटतात आणि ७५,००० पडून राहतात. तीन गाई घेतल्या तर १३,२०० सुटतात. म्हणजे अपूर्णांक छाटला की उत्तर बरोबर येतेच असे नाही.

पाणी, चारा, एकर यांचे तुकडे पडतात. जनावरांचे पडत नाहीत. मुऱ्हा की पंढरपुरी, हा तर आकडाच नव्हे, निवड आहे. तिन्ही एकाच हिशेबात आली की गुंता होतो.

तुकडे पडणाऱ्या गोष्टींसाठी जॉर्ज डँटझिग यांनी १९४७ मध्ये सिंप्लेक्स रीत काढली. पूर्णांकांसाठी १९६० मध्ये आयल्सा लँड आणि अ‍ॅलिसन डॉइग या दोघींनी फांद्यांची रीत मांडली. म्हशी दोन किंवा कमी ही एक फांदी, तीन किंवा जास्त ही दुसरी. पैशात न बसणारी किंवा हाती आलेल्या उत्तराहून सरस ठरू न शकणारी फांदी छाटून टाकायची. निवडीच्या गुंत्यासाठी चांगले बियाणे राखत जावे तशा, पिढ्यांमागून पिढ्या उत्तरे निवडणाऱ्या रीतीही आहेत.

मग कोणती रीत कुठे लावावी? जॉन राइस यांनी १९७६ मध्ये हाच प्रश्न मांडला. आपण आधी माती तपासतो, मग खताची मात्रा ठरवतो, तसेच हे. प्रश्नात अपूर्णांक किती, पूर्णांक किती, निवडी किती, अटी किती, हे यंत्र आधी तपासते. पूर्वी सोडवलेल्या अनेक प्रश्नांत कोणती रीत कुठे सरस ठरली, याची नोंद त्याच्याजवळ असते. त्यावरून ते रीत निवडते. सगळ्याच प्रश्नांना सरस अशी एक रीत नसते, हे वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी १९९७ मध्ये गणिताने दाखवले आहे.

यात एक मेख आहे. काळ्या जमिनीच्या नोंदींवरून मुरमाड रानाला खत सांगावे, तशी गत इथेही होते. जुने प्रश्न आपल्यासारखे नसले तर निवड चुकते.

आणि जी अट सांगितलीच नाही, ती कोणतीच रीत पाळत नाही. तीन गाईंचे शेण, धारा आणि वैरण बहुधा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. तिच्याजवळ दिवसाचे किती तास उरतात, हा आकडा मी पाहिलेल्या आराखड्यांत क्वचितच आढळला. सही करण्यापूर्वी तो तिलाच विचारून कागदावर घाला, आणि हिशेब पुन्हा करायला सांगा. तीनऐवजी दोनच गाई निघाल्या, तर तेवढेच कर्ज कमी काढावे लागेल.